गाडीचे ‘बीसीएम’ कुठे असते, आणि ते बदलायचे कधी?

प्रश्न : माझी गाडी आठ वर्षांची आहे. पावसाळा लागल्यापासून वायपर मध्येच आपोआप फिरतात, डावा इंडिकेटर भराभर मिचकतो आणि किल्लीचे बटण दाबूनही दारे कधी उघडतात, कधी उघडत नाहीत. गॅरेजवाले म्हणतात, ‘बीसीएम गेलं, बदलावं लागेल.’ हे असते कुठे? जुने आणून घरी बसवता येईल का?
— एक वाचक, नाचणगाव (ता. देवळी, जि. वर्धा)

उत्तर : बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, हॉर्न, काचा, सेंट्रल लॉक हा सगळा कारभार त्याच्याकडे असतो. पूर्वी स्विचपासून मोटारीपर्यंत सरळ वायर जायची. आता स्विच दाबला की आधी मॉड्यूलला कळते आणि मॉड्यूल रिले चालवते. गाडीतली अशी मॉड्यूल्स एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ‘कॅन’ नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हा डबा डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, फ्यूजबॉक्सच्या मागे किंवा त्याला जोडूनच असतो. काहींत तो डाव्या बाजूला, ग्लोव्हबॉक्सच्या मागे सापडतो. नेमकी जागा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. अंदाजाने प्लास्टिक उचकटू नका, क्लिपा तुटतात.

पण तुम्ही लिहिलेली लक्षणे वाचून मी तरी लगेच मॉड्यूल बदलणार नाही. एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर मिचकतो, तेव्हा बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. लॉकसाठी आधी किल्लीतला सेल बदलून पाहा. मग दार उघडून बिजागरीजवळची रबरी नळी बघा. दार हजारो वेळा उघडून-मिटून तिच्या आतल्या वायरी तुटतात. शेताच्या गोठ्याशेजारी किंवा कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहा.

वायपरची गोष्ट वेगळी. त्रास पावसातच सुरू झाला, म्हणजे पाण्याचा संशय आधी घ्यायला हवा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने-कचरा साचला की पाणी वाट फुटेल तिकडून आत उतरते. पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला लागला, तर आधी गळती बंद करा. नाहीतर नवे मॉड्यूलही त्याच पाण्यात भिजेल. फ्यूजबॉक्सच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसतो का, तेही तपासून घ्या.

त्यानंतर बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. आकडा कमी आला किंवा अर्थची वायर सैल, गंजलेली निघाली, तर धडधाकट मॉड्यूलही वेड्यासारखे वागते. एवढे सगळे ठीक असेल, तरच स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून बीसीएमचे फॉल्ट कोड वाचून घ्या. त्यासाठी लागले तर वर्ध्याला जा, पण कोड न वाचता मॉड्यूल विकत घेऊ नका.

ते खरोखरच गेले असेल, तर उघडणे-बसवणे फार अवघड नाही. बॅटरीची ऋण तार काढायची, मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबायचे (जवळच एअरबॅगच्या वायरी असतात), सॉकेटांचे फोटो काढून मगच ती सोडवायची. खरी अडचण पुढे येते. नव्या मॉड्यूलला तुमच्या गाडीचा चेसिस नंबर आणि तिच्यातल्या सोयी कंपनीच्या सॉफ्टवेअरने शिकवाव्या लागतात. यालाच कोडिंग म्हणतात. बऱ्याच गाड्यांत चोरी रोखणारा इमोबिलायझरही याच्याशी जोडलेला असतो. अशा गाडीत दुसऱ्या गाडीतून काढलेले मॉड्यूल आपल्या किल्ल्या ओळखत नाही आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून जुन्या बाजाराचा विचार सोडा. स्वस्तात आणलेले मॉड्यूल कोडिंगवाल्याने परत पाठवले, तर पैसे गेलेच समजा.

नवे घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जसाच्या तसा जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. कोडिंगला जाताना सगळ्या किल्ल्या सोबत न्या. काही गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली किल्ली पुढे चालत नाही. आणि पैसे देण्याआधी फॉल्ट कोड, कोडिंगचा खर्च आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.