डोक्यावरील आघात आणि रक्ताचें गोठणें

बोट कापलें असतां रक्त लवकरच गोठून जखम बंद होते, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. मेंदूच्या आघातांत मात्र हा उपकारक गुण कधीं कधीं विपरीत होतो. रक्त गोठविण्यास आरंभ करून देणारें द्रव्य मेंदूंत विपुल असतें. इजा होतांच तें रक्तांत मिसळतें; ठिकठिकाणीं सूक्ष्म गुठळ्या होऊन रक्तबिंबिका व फायब्रिनोजेन खर्चीं पडतात. झालेली गुठळीही लवकर विरघळते. मग कवटीच्या आंत रक्तस्राव वाढतो. बाहेर थेंबही दिसत नाहीं.

गुठळी टिकवून धरणारें ट्रानेक्झॅमिक आम्ल सौम्य व मध्यम आघातांत ३ तासांच्या आंत दिल्यास मृत्यु कमी होतात, असें २९ देशांतील १२,००० हून अधिक रुग्णांवरील परीक्षेंत २०१९ सालीं दिसून आलें.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यांत ३ तास म्हणजे अल्प अवधि होय. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेकदां तुटला आहे. म्हणून झाडावरून किंवा मोटारसायकलीवरून पडून डोक्यास मार लागलेला मनुष्य बोलतो-चालतो, एवढ्यावर विसंबून त्यास घरीं ठेवूं नये. रक्तबिंबिकांचें बळ हरण करणारी अ‍ॅस्पिरिन त्यास देऊं नये. वांती वा गुंगी येण्याची वाट न पाहतां रुग्णालय गाठावें.