प्रभूची पाठ सोडू नका

वाचन: मत्तय 15:21-28, मार्क 5:21-43, मार्क 10:46-52, 2 करिंथ 12:7-10



चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगराकडे जाणारे रस्ते आपण दरवर्षी पाहतो. सासनकाठ्या, गुलाल, चांगभलंचा गजर, आणि त्या गर्दीत आजारी लेकरू कडेवर घेऊन चढण चढणारी एखादी आई. आपली श्रद्धा वेगळी आहे, पण त्या आईचे दुःख वेगळे नाही. नवस आपल्यातही आहेत. बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत भाविक मेणाचे हात-पाय वाहतात. घरात आजार आला की माणूस देवाचे दार ठोठावतो.

आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो: "फादर, एवढ्या नोव्हेना केल्या, रोज रोझरी म्हटली, तरी गुण नाही. आमचाच विश्वास कमी पडला का?" या प्रश्नाला घाईने उत्तर देणे बरे नव्हे. बरे होण्यासाठी प्रभूकडे आलेल्या माणसांच्या वाटेत काय काय आडवे आले, ते आज पाहू या.

1. लोक गप्प करतात तेव्हा
यरीहोच्या वेशीबाहेर आंधळा बार्तीमय भीक मागत बसला होता. येशू जात आहे हे कळताच तो ओरडू लागला. लोकांनी त्याला दटावले, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडला. येशू थांबला आणि तुला काय हवे, असे त्यालाच विचारले. आपले दुखणे प्रभूपुढे उघड मांडण्यात कमीपणा नाही.

2. प्रभूच गप्प असतो तेव्हा
कनानी स्त्री आपल्या मुलीसाठी विनवत होती. येशूने आधी एका शब्दानेही उत्तर दिले नाही, आणि नंतरचे बोल तर नकारासारखेच होते. तरी ती तिथून हलली नाही. शेवटी प्रभूने तिच्या विश्वासाला मोठा म्हटले. प्रभू गप्प आहे म्हणजे त्याने आपल्याला टाकले, असे समजू नये.

3. उशीर होतो तेव्हा
याइराची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. वाटेत येशू बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीसाठी थांबला. ती बरी झाली, पण तेवढ्यात याइराच्या घरून मुलगी गेल्याचा निरोप आला. दुसऱ्याची प्रार्थना ऐकली गेली आणि आपली राहून गेली, असे वाटण्याचा तो क्षण. भिऊ नकोस, विश्वास धर, असे येशूने त्याला सांगितले. तो येशूबरोबर घरापर्यंत चालत राहिला, आणि मुलगी उठून बसली.

4. उत्तर 'नाही' असे येते तेव्हा
संत पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. तो सोसायला पुरेशी कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? पोप जॉन पॉल दुसरे कंपवाताने वाकलेले असताना ऑगस्ट 2004 मध्ये लूर्दला गेले, आजाऱ्यांमधला एक आजारी म्हणून. ते बरे झाले नाहीत. 2 एप्रिल 2005 रोजी ते प्रभूकडे गेले, पण प्रार्थना त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

मग चिकाटी कशाला म्हणायचे? प्रार्थनेने आपण देवाचा बेत बदलत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी 13 व्या शतकात शिकवले. आपल्या प्रार्थनेतून जे द्यायचे देवाने योजले आहे, ते मिळावे म्हणून आपण मागतो. म्हणून प्रार्थना हा सौदा नव्हे. इतक्या नोव्हेना केल्या की इतका गुण, असा हिशेब तिथे नसतो. बरे वाटले तरी आणि न वाटले तरी प्रभूची पाठ न सोडणे, हीच चिकाटी.

या चिकाटीत औषधही बसते. वैद्यालाही देवानेच निर्माण केले, म्हणून त्याचा मान राखा, असे बेनसिराच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय सांगतो. कोणाच्या सांगण्यावरून साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणे म्हणजे विश्वास नव्हे.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही शेवटच्या श्वासापर्यंत लांबवू नका. तो केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच स्पष्ट केले. आजार गंभीर आहे असे कळताच फादरांना बोलवा.

आणि ज्याला स्वतः प्रार्थना करण्याचे त्राण उरले नाही, त्याचे काय? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उघडून खाली सोडले. येशूने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या धर्मग्रामात अशी खाट उचलणारे चौघे व्हायचे आहे.

मननासाठी:
* माझ्या आजारपणात मी प्रभूशी खरे बोलतो का, की फक्त पाठ केलेले म्हणतो?
* माझ्या वाडीवस्तीत कोणाची खाट उचलायची राहिली आहे?

प्रार्थना: हे प्रभू येशू, आमच्या आजाऱ्यांना बरे कर. उत्तराला उशीर झाला, तरी तुझ्यापासून दूर न जाण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.