आपल्या विहिरीचे पाणी कुठून येते?
माथा ते पायथा : एक दिवसाची पायी फेरी

सभासद बंधू-भगिनींनो,

बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा या विषयांवर आपण या पत्रिकेतून नेहमी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. तो आहे चार माणसांनी मिळून रान पायी पाहण्याचा. "ऊसवाल्या साहेबाला हे काय सुचलं?" असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचावे, हिशेब आपल्याच विहिरीचा आहे.

चूक माझीच

काही वर्षांपूर्वी एका सभासदाची विहीर पाहून मी दोन एकर सुरू लागणीची शिफारस केली. जानेवारी महिना होता, विहिरीत दोन परस पाणी उभे होते. उसाची नोंद झाली, पीककर्ज उचलले, बेणे पडले. एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवला आणि मे महिन्यात ऊस उभ्या उभ्या वाळला. मी बांधावर गेलो तेव्हा तो सभासद काही बोलला नाही. त्याचे म्हातारे वडील मात्र म्हणाले, "साहेब, तुम्ही हीर पाह्यली, पर वरचा माळ कुठं पाह्यला? नाल्याचा बांध फुटून दोन साल झाले."

खरेच, तो माळ मी पाहिला नव्हता. विहिरीत डोकावलो आणि परत फिरलो होतो. कर्ज मात्र त्यांच्या डोक्यावर राहिले.

उसाचा आणि माळाचा हिशेब

पाटपाण्याने घेतलेल्या सुरू उसाला एका हंगामात साधारण २५० हेक्टर-सेंटीमीटर पाणी लागते, असे धरतात. म्हणजे एकरी सुमारे १ कोटी लिटर. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. एका एकरावर तो पडला तर २८ लाख लिटर होतो. त्यातले २० लाख लिटर उसाला थेट मिळाले असे धरले, तरी ८० लाख लिटर विहिरीने पुरवायचे राहतात.

आता विहिरीत ते येते कुठून? आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. पडलेल्या पावसाचा ढोबळमानाने दहावा हिस्साच खाली मुरतो. म्हणजे माळाच्या एका एकरातून २ लाख ८० हजार लिटर. भागाकार करून पाहा. एक एकर उसामागे पंचवीस-तीस एकर माळ पाणी मुरवत असेल, तेव्हा कुठे तो ऊस तरतो. ठिबक बसवून पाण्यात चाळीस टक्के बचत केली, तरी चौदा-पंधरा एकर लागतातच. हा हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. तो माळ बहुधा आपल्या सातबाऱ्यावर नसतो. कोणाचा तरी पडीक, नाही तर गायरान असतो. आणि तो आपण कधी पाहिलेला नसतो.

कालव्यावरच्या सभासदांनीही आम्हाला काय त्याचे, असे म्हणू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीची काय गत झाली होती ती आठवावी. कालवा आटला की सगळी भिस्त पुन्हा विहिरीवरच येते.

घाणेवाडीच्या वरच्या अंगाला

जालन्यातील काही निसर्गप्रेमी मंडळी सुटीच्या दिवशी अशा फेऱ्या काढतात. एका रविवारी, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, मीही त्यांच्याबरोबर गेलो. सकाळी सातला एमआयडीसीच्या फाट्यावर जमलो. वीस-बावीस माणसे होती. सळईच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून आलेले दोघे कामगार, शाळेतले गुरुजी, काही विद्यार्थी, दोन-तीन कुटुंबे. वाहनाने घाणेवाडी तलावापर्यंत गेलो आणि तिथून ओहोळाच्या काठाकाठाने वर चालत निघालो.

हा तलाव निजामाच्या राजवटीतला. इथले पाणी पंपावाचून, नुसत्या उताराने जालना शहरात जाई. पुढे तो गाळाने भरत गेला. अलीकडे शहरातील नागरिक व उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापून गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. काम मोठेच आहे. पण गाळ येतो कुठून, हे पाहायचे तर वरच जायला हवे.

वर दोन ओहोळ लागले. एक उघड्या, चरून गेलेल्या मुरमाड उतारावरून येत होता. दुसऱ्याच्या बाजूला गवत टिकून होते, तरवड-पळसाची झुडपे होती. गुरुजींनी दोन्हींचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून दगडावर ठेवले. आमच्या भाकऱ्या खाऊन होईपर्यंत एका बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला. दुसरीत जेमतेम रेघ उमटली. एवढी वर्षे मी मृद्संधारणावर भाषणे दिली, पण त्या बाटल्यांनी जे सांगितले ते माझ्या एकाही भाषणाला जमले नव्हते.

मंडळींचे लक्ष पाखरांवर होते. माझे लक्ष बाभळी-कडुलिंबांवर. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी याच झाडांवर गोळा होतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, हे आपण जाणतोच. पण एकट्याने करून भागत नाही, साऱ्या शिवाराने एकदम करावे लागते. कोणते झाड कुठे आहे, ते फेरीतच कळते. शिवाय कोतवाल, साळुंकी, गायबगळा ही पाखरे किडी-अळ्या वेचतात. बांधावरचे शेवटचे झाड तोडले की त्यांना बसायला जागा राहत नाही.

कडवंचीने काय केले

पायी पाहिल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या जालना तालुक्यातच आहे. कडवंची गावात १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम सुरू झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालविणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, ते उभे केले. या कार्यक्रमाची रीतच अशी की, शेताशेतातून मालकाला, शक्यतो नवरा-बायको दोघांनाही, बरोबर घेऊन चालायचे आणि कुठे काय करायचे ते जागेवरच ठरवायचे. आधी माथ्यावर चर, मग उतारावर बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यात बांध. पुढे गावाने शेततळी व ठिबक यांची जोड दिली आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१२ च्या दुष्काळात सारा जिल्हा होरपळत असताना या गावाने बागा टिकवल्या. एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कडवंचीने पाणी अडवले आणि साठलेले पाणी मोजून वापरले. नुसते अडवले असते आणि मोकाट सोडले असते, तर विहिरी मार्चमध्येच उघड्या पडल्या असत्या.

आपल्या गटात फेरी कशी काढावी

१) एका नाल्यावरचे दहा-पंधरा सभासद जमावेत. बायांना अवश्य बरोबर घ्यावे. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. गावातला एखादा म्हातारा व एखादा गुराखी असावाच.

२) वर्षातून तीन वेळा चालावे. पावसाळ्यापूर्वी फुटके बांध पाहण्यासाठी, मोठ्या पावसानंतर पाणी कुठून पळते ते पाहण्यासाठी, आणि मार्गशीर्षात विहिरी मोजण्यासाठी. विजा कडाडत असतील किंवा नाला भरून वाहत असेल तर जाऊ नये.

३) बरोबर भाकरी, पाणी, वही-पेन्सिल, दोरी व दोन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. गोंगाट करू नये, विडी-काडी टाकू नये. सोबत नेलेला कागद किंवा पिशवी रानात ठेवून येऊ नये.

४) माथ्यावरून सुरुवात करावी. गट क्रमांकानुसार फुटलेला बांध, बुजलेला चर, मुरमाची खोदाई, उघडा उतार, उभे झाड यांची नोंद करावी. वाटेतल्या प्रत्येक विहिरीचे पाणी दोरीने मोजून लिहावे.

५) फेरी संपल्यावर तिथेच बसून एकच काम ठरवावे आणि ते पुढच्या फेरीच्या आत पुरे करावे. दहा कामे ठरवली की एकही होत नाही, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

ऊस वाढविणे हे माझे नोकरीचे काम आहे. तरीही सांगतो, वरचा माळ पाहिल्याशिवाय लागणीचे एकर ठरवू नका. दोन एकर वाळण्यापेक्षा एक एकर ठिबकावर पिकवलेला बरा. उसाच्या नोंदीला येताना फेरीची वही बरोबर आणावी. मी ती आधी पाहीन आणि मगच शिफारस लिहीन. फेरीला बोलावलेत तर भाकरी बांधून हजर होईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी