टब घेण्याआधी गिझर बघा

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे. नऊ बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये भिंतीला न टेकणारा, सुटा बाथटब बसवायचा आहे. कास्ट आयर्नचा घ्यावा की अ‍ॅक्रिलिकचा?

उत्तर : अ‍ॅक्रिलिकचा. कास्ट आयर्न दिसतं देखणं, पण रिकामा टबच शंभर किलोच्या वर जातो. त्यात 200 लिटर पाणी म्हणजे आणखी 200 किलो, शिवाय आंघोळ करणारा माणूस. त्यातून आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली घेऊन विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो, म्हणजे तिथे आधीच वजन आहे. तेव्हा टब अ‍ॅक्रिलिकचा असला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. टाइल्सवाल्याच्या ‘काही होत नाही’वर विसंबू नका.

खरी अडचण गरम पाण्याची. टबात 40 अंशांचं 200 लिटर पाणी हवं, तर गिझरमधलं 60 अंशांचं पाणी साधारण 85 लिटर लागेल (नळाचं पाणी 25 अंशांचं धरून). तुमचा गिझर 25 लिटरचा असेल तर टब भरेपर्यंत पाणी निवलेलं असेल. सोसायटीत सोलर असेल तर प्रश्न सुटला, तोही सकाळपुरता.

टब अगदी मधोमध नको, एका टोकाला ठेवा. मात्र चहूबाजूंनी हात आणि फडकं जाईल एवढी फट सोडा. ड्रेनची जागा आधी ठरवा, मग वॉटरप्रूफिंग आणि शेवटी फरशी. बोअरचं पाणी असेल तर काळा टब घेऊच नका, क्षारांचे पांढरे डाग रोज पुसत बसाल.