वाट पाहणे हेही कामच : रेल्वे कामगारांचे तास आणि शासनाचा हस्तक्षेप

आपल्या वाशिम जिल्ह्यातून रेल्वेचे दोन मार्ग गेले आहेत. एक अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा असा. हा मार्ग २००८ साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. दुसरा मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे जाणारा अरुंद मार्ग. त्यावरची ‘शकुंतला’ आता धावत नाही. पण कारंजा भागातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ती अजून येते-जाते. सुटीला गावी निघालेले आपले विद्यार्थी एसटीतून रेल्वे फाटकाशी थांबतात, गाडी मोजतात, टाळ्या वाजवतात. गाडी जाते, फाटक उघडते, एसटी पुढे सरकते आणि फाटकावरचा माणूस मागे राहतो. पुढची गाडी येईपर्यंत तो काय करतो? वाट पाहतो. हे वाट पाहणे काम आहे की विश्रांती? प्रश्न साधा दिसतो. तथापि लाखो रेल्वे कामगारांचे दिवस आणि रात्री याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिल्या आहेत.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. दरवर्षी १४ एप्रिलला आणि १ मेला आपले विद्यार्थी व्यासपीठावर येऊन ‘बाबासाहेबांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला’ असे अभिमानाने सांगतात. आम्हीही टाळ्या वाजवतो. परंतु इतिहासाचे शिक्षक म्हणून आमच्या मनात नेहमी पुढचे प्रश्न उभे राहतात : कोणत्या कायद्याने? कोणत्या कामगाराला? आणि ज्याला तो दिवस मिळाला नाही, त्याचे काय झाले? ज्या महामानवाने आपल्याला पुराव्याने बोलायला शिकवले, त्याच्याविषयी बोलताना तरी आपण पुराव्याने बोलले पाहिजे.

साठ तास आणि चौऱ्याऐंशी तास

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. तिने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे माप ठरवले. मात्र हिंदुस्थानासाठी ते माप साठ तासांचे धरले. तत्पूर्वी, १९१६ साली, अमेरिकेत रेल्वे कामगारांच्या देशव्यापी संपाचे सावट आले असता तेथील काँग्रेसने तातडीने कायदा करून त्यांच्यासाठी आठ तासांचा दिवस मान्य केला होता. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले.

हिंदुस्थानात १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांचे दोन वर्ग पडले. ज्यांचे काम ‘सतत’ चालते, त्यांना आठवड्याला सरासरी साठ तास. ज्यांचे काम ‘खंडित’ स्वरूपाचे मानले गेले, त्यांना चौऱ्याऐंशी तास. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार करून पाहावा : बारा गुणिले सात म्हणजे चौऱ्याऐंशी. दिवसाला बारा तास आणि आठवड्याचे सातही दिवस, असा हा हिशोब होता. ज्याचे काम वाट पाहण्याचे, त्याच्या वाटेला सर्वांत लांब दिवस आला.

मनमाडचे भाषण

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे विवेचन आपण सर्व जाणतो. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीचे लोक असा अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणत्याही जातीत असो, असा अर्थ त्यांनी तेथे स्पष्ट केला.

त्या भाषणाचा जो भाग कमी सांगितला जातो, तो आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. रेल्वेत अस्पृश्य कामगार कोठे दिसतो, याचा हिशोब त्यांनी मांडला. तो रुळावर गँगमन म्हणून दिसतो आणि बहुधा जन्मभर गँगमनच राहतो. त्याला स्टेशनवरील हमालाची जागासुद्धा मिळत नाही. कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरचे वरकाम करून घेतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे ज्या कामाला सावली होती, तेथे जात आडवी आली आणि उन्हातला रूळ तेवढा मोकळा राहिला. कामाच्या तासांचा प्रश्न आपल्या समाजासाठी केवळ घड्याळाचा प्रश्न कधीच नव्हता. कोणते काम कोणाच्या माथी येते, हा प्रश्न त्याच्या आधीचा होता.

संपाचा हक्क

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. काही परिस्थितीत संप बेकायदा ठरवून संपकऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद त्यात होती. सप्टेंबर १९३८ मध्ये विधिमंडळात बाबासाहेबांनी त्यावर प्रखर टीका केली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होय, गुन्हा नव्हे. काम सोडल्याबद्दल माणसाला तुरुंगात टाकणे म्हणजे त्याला गुलाम करणे. स्वातंत्र्याचा हक्क मान्य असेल, तर संपाचा हक्कही मान्य केला पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता.

श्रमखात्याची धुरा

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झाले. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक व कामगार अशा तिन्ही पक्षांची परिषद बसली. कामगाराला मालकाच्या बरोबरीची खुर्ची देणारी ही पद्धत पुढे रूढ झाली.

येथे एक अडचणीची गोष्ट लपवता येणार नाही. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांतील ८१-अ हा नियम लागू होता. त्यानुसार सरकार संपाला मनाई करू शके आणि तंटा लवादाकडे सोपवू शके. १९३८ साली संपबंदीविरुद्ध उभे राहिलेले बाबासाहेब आता त्याच अधिकाराच्या सरकारात होते. काही टीकाकार यावर बोट ठेवतात, तर काही अनुयायी हा मुद्दा गाळून टाकतात. आम्हांस दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. तो अधिकार कशासाठी वापरला गेला, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

१९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. केंद्रीय विधिमंडळात हे विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. व्यासपीठावरून आपण ज्या आठ तासांचा उल्लेख करतो, त्यांचा भक्कम कायदेशीर पुरावा हा आहे. सहा दिवस, दररोज आठ तास. परंतु तो कायदा कारखान्याच्या भिंतीपर्यंत होता. रेल्वेचे वर्कशॉप त्यात आले. रुळावरचा गँगमन, फाटकावरचा गेटमन, इंजिनातला फायरमन आला नाही.

राजाध्यक्ष निवाडा

रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे गाऱ्हाणे नेमके येथे होते : कामाचे तास, आठवड्याची विश्रांती, रजेवर गेलेल्याच्या जागी लागणारी राखीव माणसे आणि सुट्या. एप्रिल १९४६ मध्ये भारत सरकारच्या श्रमखात्याने त्याच ८१-अ नियमाखाली हा तंटा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे सोपवला. एका बाजूला नऊ सरकारी रेल्वे, दुसऱ्या बाजूला त्यांचे कामगार. त्या वेळी श्रमखाते बाबासाहेबांकडे होते.

या घटनेचे वेगळेपण लक्षात घ्यावे. रेल्वेचा मालक सरकारच होते. सरकारच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या वागणुकीचा न्याय बाहेरच्या न्यायमूर्तीकडून करवून घेतला. मालकाने स्वतःच्याच घरात न्यायाधीश बोलावावा, असा हा प्रकार होता.

मे १९४७ मध्ये निवाडा आला. तोवर बाबासाहेब श्रमखात्यात राहिलेले नव्हते. न्यायमूर्तींनी कामाचे वर्ग नव्याने बांधले. सलग एकाग्रतेचे वा कठोर अंगमेहनतीचे, उसंत न देणारे काम ‘तीव्र’. त्याला आठवड्याला सरासरी पंचेचाळीस तास. ‘सतत’ कामाला चोपन्न तास. ‘खंडित’ कामाला पंच्याहत्तर तास. पहिल्या दोन वर्गांना आठवड्यातून सलग तीस तासांची विश्रांती, तिसऱ्याला एका पूर्ण रात्रीसह सलग चोवीस तासांची. गाडीबरोबर धावणाऱ्या ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्यासाठीही महिन्यातील विश्रांतीची मोजणी ठरली. १९४८ मध्ये सरकारने निवाडा स्वीकारला. १९५६ मध्ये रेल्वे कायद्यात त्याला स्थान मिळाले. आज लागू असलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातही पंचेचाळीस, चोपन्न आणि पंच्याहत्तर हेच आकडे आहेत.

म्हणून हा निवाडा मोठा. आणि म्हणूनच अपुराही. चौऱ्याऐंशीचे पंच्याहत्तर झाले, हे खरे. पण ज्याच्या बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा अधिक वेळ हालचालीचा वा सततच्या अवधानाचा नसतो, त्याचे काम कायद्याच्या भाषेत आजही ‘खंडित’च गणले जाऊ शकते. गेटमन खुर्चीवर बसलेला दिसतो, हे खरे. परंतु तो घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, आजारी लेकराजवळ बसू शकत नाही. त्याचा वेळ त्याचा नसतो. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या स्वाधीन आहे, तो विश्रांती घेतो असे कसे म्हणावे?

मे १९७४

पुढची पिढी याच प्रश्नाशी पुन्हा भिडली. वाफेच्या इंजिनावरील कामगारांच्या पाळ्या न संपणाऱ्या होत्या. ऑगस्ट १९७३ मधील त्यांच्या संपानंतर सरकारने दहा तासांची मर्यादा मान्य केली. पण ती प्रत्यक्षात नीट उतरली नाही, अशी कामगारांची तक्रार राहिली. ८ मे १९७४ रोजी देशव्यापी संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस, बोनस, वेतनातील समानता या मागण्या होत्या. सुमारे सतरा लाख कामगार त्यात उतरले. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच, वाटाघाटी चालू असताना, अटक झाली होती. भारत संरक्षण नियमांखाली संप बेकायदा ठरला; हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना रेल्वे क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. २७ मे रोजी संप मागे घेण्यात आला. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या काळात बडतर्फ कामगार पुन्हा कामावर आले आणि १९७९ मध्ये बोनस मिळाला.

विद्यार्थ्यांनी एक साम्य ध्यानात ठेवावे. १९४६ साली भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन न्यायमूर्ती नेमला गेला. १९७४ साली त्याच नावाच्या नियमांचा आधार घेऊन कामगार तुरुंगात गेला. नियमाचे नाव एकच. फरक हात कोणाचा आणि हेतू कोणता यात होता.

हस्तक्षेपाची कसोटी

‘शासनाने तंट्यात पडावे की नाही’ हा प्रश्न अशा रीतीने अपुरा ठरतो. शासन पडतेच, स्वस्थ बसणे म्हणजेही बलवानाची बाजू घेणे होय. आम्ही तीन प्रश्नांची कसोटी सुचवतो. कामगाराचे म्हणणे बरोबरीच्या आसनावर बसवून ऐकले गेले का? निवाडा मालकालाही, तो सरकार असला तरी, बांधील होता का? आणि निवाडा येईपर्यंत संपाचा हक्क काही काळ थांबवला गेला की कायमचा हिरावला गेला? १९४६ चा हस्तक्षेप या कसोटीवर बराचसा उतरतो. १९७४ चा उतरत नाही.

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि योग्य वेळी सुटी द्यावी. जगातील पहिल्या कारखान्याच्या कितीतरी शतके आधी तथागतांनी शक्ती आणि सुटी ही दोन मापे सांगितली. न्यायमूर्तींच्या तक्त्यातही हीच दोन मापे वेगळ्या शब्दांत आहेत.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज ठिकठिकाणी नोकरी करतात. कोणी कामगार आहे, तर कोणाच्या हाती इतरांचे हजेरीपत्रक आहे. ज्यांच्या हाती हजेरीपत्रक आहे, त्यांना आमची विनंती आहे की वाट पाहणाऱ्याचेही तास मोजावेत. आणि पालकांनो, पुढच्या वेळी फाटक उघडेल तेव्हा पाल्याला क्षणभर त्या माणसाकडे बघायला सांगा. बाबासाहेबांचे काम तेथवर पोहोचले होते आणि तेथून पुढचे अजून बाकी आहे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासप्रश्न

१. १९४६ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती गँगमनपर्यंत का पोहोचली नाही?
२. १९३८ मधील बाबासाहेबांची भूमिका आणि ८१-अ नियम यांत विसंगती आहे का? दोन्ही बाजू मांडा.
३. आपल्या गावातील पहारेकरी, गेटमन किंवा पंपचालक यांच्याशी आदराने बोलून त्यांच्या एका आठवड्याचे तास लिहा आणि ते ४५, ५४, ७५ यांपैकी कोणत्या आकड्याजवळ येतात ते पाहा.

जय भीम!