संगणक एकमेकांशी कसे बोलतात?

२९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे एक शब्द पाठवायचा होता. तो शब्द होता 'लॉगिन'. पहिली दोन अक्षरे, 'एल' आणि 'ओ', पोचली आणि यंत्रणा बंद पडली! सुमारे तासाभराने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा काम झाले. 'अर्पानेट' या जाळ्यावरचा हा पहिला संदेश होय.

पुढे आणखी जाळी तयार झाली. एक टेलिफोनच्या तारांवर चाले, दुसरे रेडिओलहरींवर, तिसरे उपग्रहावर. प्रत्येकाचे नियम वेगळे. त्यामुळे एका जाळ्यातील संगणकाला दुसऱ्या जाळ्यातील संगणकाशी बोलता येईना. १९७४ साली व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या शास्त्रज्ञांनी सर्व जाळ्यांना जोडणारे समान नियम सुचवले. त्यांतूनच 'टीसीपी' आणि 'आयपी' हे नियम घडले. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ते स्वीकारले.

मुलांनो, या नियमांत एक युक्ती आहे. सगळे काम एकाकडे न सोपवता त्याचे थर पाडले आहेत. समजा, मालेगावच्या एका मुलीने मुंबईच्या मामांना उर्दूत ईमेल पाठवला. सर्वांत वरचा थर ईमेलची मांडणी ठरवतो. त्याखालचा टीसीपीचा थर मजकुराचे तुकडे करतो आणि प्रत्येकावर क्रमांक घालतो. तिसरा आयपीचा थर प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहितो. सर्वांत खालचा थर ते तुकडे तारेतून किंवा लहरींवरून पुढे धाडतो. जणू एका लिफाफ्यात दुसरा लिफाफा घालावा, तसे हे चालते.

मामांच्या संगणकावर हेच लिफाफे उलट क्रमाने उघडले जातात. तुकडे मागेपुढे आले, तर टीसीपी त्यांना क्रमाने लावतो. एखादा हरवला, तर तो पुन्हा मागवला जातो. मजकूर उजवीकडून डावीकडे लिहिलेला उर्दू आहे की डावीकडून उजवीकडे लिहिलेला मराठी, याची खालच्या थरांना फिकीर नसते. त्यांनी फक्त आपले काम करायचे.

याचा मोठा फायदा झाला. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. ती सर्वांत वरच्या थरात बसली. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले. ते सर्वांत खालच्या थरात बसले. दोन्ही वेळी मधले थर बदलावे लागले नाहीत. घराचा पाया न हलवता नवी खोली बांधावी, तसे हे झाले.

१९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सात थरांचा आराखडा प्रसिद्ध केला. इंटरनेट मात्र टीसीपी आणि आयपी यांवरच चालते. सात थरांचा आराखडा आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

जगातील संगणक वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. त्यांची भाषा, बनावट, वेग निराळे आहेत. तरीही ते एकमेकांशी बोलतात. कारण काही थोडे नियम सर्वांनी मान्य केले आहेत आणि बाकी सर्व बाबतींत प्रत्येकाला मोकळीक आहे.

स्वाध्याय
१. अर्पानेटवरून कोणता शब्द पाठवायचा होता?
२. टीसीपीचा थर कोणकोणती कामे करतो?
३. थर पाडल्यामुळे कोणता फायदा झाला? उदाहरण देऊन लिहा.