बारावी झाली, मेजर कुठला घेऊ?

प्रश्न : मी यंदा बारावी सायन्स झाले. पीसीएमबी ग्रुप, ६४ टक्के. नीटमध्ये काही खरं नाही. बी.एस्सी. करायचं एवढं ठरलंय, पण पुढे कोण व्हायचंय असं कुणी विचारलं की माझी बोलती बंद होते. बाबा म्हणतात, केमिस्ट्री घे, पाताळगंगेला कंपन्या आहेत. मावशी म्हणते, आयटी घे. मला स्वतःला बॉटनी आवडते, पण ‘त्यात स्कोप नाही’ हे येणारा-जाणारा प्रत्येक जण ऐकवतो. पुढचं काहीच ठरलेलं नसताना मेजर कसा ठरवायचा?
— एक विद्यार्थिनी, चौक (ता. खालापूर)

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्नांचा गुंता झालाय. पुढची तीन वर्षं काय शिकायचं, हा एक. त्यानंतरची पस्तीस-चाळीस वर्षं काय करायचं, हा दुसरा. कॉलेजच्या फॉर्मवर फक्त पहिला विचारलेला असतो. घरचे मात्र दुसऱ्याचं उत्तर आधी मागतात, आणि ते नसलं की पहिलाही अडतो.

बाबांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते काळजीपोटी आलंय आणि त्यात तथ्यही आहे. पाताळगंगा आणि रसायनीच्या पट्ट्यात रसायनं आणि औषधं बनवणारे कारखाने आहेत, त्यांच्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांना काम मिळतं. पण याच रसायनीत एचओसी, म्हणजे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स होती. १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिथे नोकरी लागली की माणूस ‘लाइनीला लागला’ असं आजूबाजूच्या गावांत म्हणायचे. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीचे तोट्यातले प्रकल्प बंद करायचा निर्णय घेतला. वाचवला तो एकच : नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. रॉकेटमधलं द्रव इंधन जाळायला हा पदार्थ लागतो, म्हणून तो प्रकल्प इस्रोकडे द्यायचं ठरलं. यातून घ्यायचं ते एवढंच की घराजवळच्या गेटकडे बघून विषय घेऊ नये. गेट बंद होऊ शकतं. केमिस्ट्री येणारा माणूस त्याच विषयावर दुसरीकडे उभा राहतो. नुसती डिग्री घेतलेल्याला ते जमत नाही. केमिस्ट्री घ्यायची तर ती तुला जमते आणि आवडते म्हणून घे, पाताळगंगा जवळ आहे म्हणून नको.

आता ‘स्कोप’. आपल्या रायगड जिल्ह्यातलंच उदाहरण सांगतो. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. मग केंब्रिजला जाऊन विषय घेतले ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली बॉटनीचं पारितोषिक पटकावलं, पुढच्या वर्षी आयसीएसला पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. ज्या यूजीसीच्या आराखड्यावर तुझं मेजर-मायनर चाललंय, तिचा कारभार एकेकाळी बॉटनीच्या विद्यार्थ्याकडे होता.

यावर तू म्हणशील, ते देशमुख होते, जिथे गेले तिथे पहिले आले; माझे ६४ टक्के आहेत. बरोबर आहे. थोरामोठ्यांची उदाहरणं धीर द्यायला ठीक, हिशेब मांडायला नव्हेत. म्हणून साध्या वाटा पाहू.

बहुतेक कामांना ‘कुठल्याही शाखेची पदवी’ एवढंच लागतं : यूपीएससीची नागरी सेवा, एमपीएससीची राज्यसेवा, बँकांच्या परीक्षा, तीन वर्षांचं एलएल.बी., एमबीए, पत्रकारिता, समाजकार्याची एमएसडब्ल्यू. तिथे तुझा मेजर बॉटनी होता की केमिस्ट्री, याला महत्त्व नाही. यूपीएससीला वैकल्पिक विषय तुझ्या पदवीचाच असावा अशीही सक्ती नाही.

काही ठिकाणी मात्र अटी पक्क्या असतात, आणि विषय निवडताना खरं डोकं तिथे लावायचं. डॉक्टरकी, फार्मसी, इंजिनिअरिंग ही नावं सर्वांना ठाऊक असतात. कमी ठाऊक असलेलं उदाहरण तुझ्या शेजारच्या तालुक्यातलंच आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताचे वाण तयार होतात. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही नावं तुमच्या घरीही माहीत असतील. बॉटनी आवडते म्हणून तिथे शास्त्रज्ञ व्हायचं मनात असेल, तर बॉटनीची बी.एस्सी. ही त्याची वाट नव्हे. त्याला बी.एस्सी. (कृषी) आणि पुढे वनस्पती पैदास विषयातली एम.एस्सी. लागते, आणि कृषीचा प्रवेश सीईटीतून होतो. उलट यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला नुसती कुठलीही पदवी चालत नाही. बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, फिजिक्स, गणित, संख्याशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र, इंजिनिअरिंगची पदवी. म्हणजे बिनस्कोपाची बॉटनी इथे कामाला येते.

तुझ्याकडे बारावीचं गणित आहे, हीसुद्धा जमेची बाजू. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी.वाल्याला, किमान गुण असतील तर, पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तेव्हा एका कोऱ्या कागदावर मनात येणारी पाच-सहा कामं लिही आणि प्रत्येकापुढे प्रवेशाची अट लिही. ती ऐकीव नको, त्या-त्या परीक्षेच्या जाहिरातीतून किंवा माहितीपुस्तिकेतून उतरवून घे. अट नसलेली कामं खोडून टाक; त्यांच्यासाठी आज काही ठरवायची गरज नाही. उरतील त्यांचाच विचार कर. सहाची दोनच उरतील, आणि निम्मी धास्ती तिथेच जाईल.

उरलेली निम्मी विषय हाताळून जाते. ‘आवडतो’ हा शब्द बारावीच्या पुस्तकावरून आलेला असतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला विषयाचं रूप वेगळंच असतं. मुंबई विद्यापीठाचा टीवायचा अभ्यासक्रम बघ, एखाद्या सीनियरकडून जुनी प्रश्नपत्रिका माग, आणि जमलं तर तिचं प्रॅक्टिकल चालू असताना जाऊन बघ. बॉटनीच्या लॅबमध्ये खोडाचा तुकडा चिमटीत धरून ब्लेडनं पातळ काप काढायचे असतात. दहांतले आठ जाड येतात. जो पारदर्शक येतो तो सॅफ्रानिनमध्ये रंगवायचा, काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब टाकून ठेवायचा, वर कव्हरस्लिप बुडबुडा न येऊ देता टेकवायची, आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसेल त्याची पेन्सिलीनं आकृती काढून नावं द्यायची. ते जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. हे तासन् तास करताना तुझं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तर विषय तुझा. वीस मिनिटांत जीव मेटाकुटीला आला, तर तुला झाडं आवडतात, बॉटनी आवडत नाही. आयटीचंही तसंच : मावशीच्या शब्दावर जाऊ नकोस, महिनाभर रोज तासभर फुकटचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून बघ.

आणखी एक गोष्ट लोक संकोचानं बोलत नाहीत, ती म्हणजे अंतर आणि फी. चौकहून कर्जत, खोपोली किंवा पनवेल. गाडी नाहीतर एसटी. सायन्सला दुपारची प्रॅक्टिकल्स असतात. परतीची गाडी कुठली, पावसाळ्यात काय होतं, हे आधी बघ. हजेरीच्या टक्केवारीत अडकलेली मुलं विषयाच्या आवडीनं तरत नाहीत. त्याच कॉलेजात एक कोर्स अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित असू शकतो, आणि फीत मोठी तफावत पडते. आयटीसारखे कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. दुसरीकडे, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, राज्य सरकारनं २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. फीच्या भीतीनं एखादा कोर्स यादीतून आधीच काढला असशील, तर तो परत आत घे.

माझं मत विचारशील तर बॉटनी आणि केमिस्ट्री दोन्ही पहिल्या वर्षाला मिळतील असं कॉलेज बघ. आमच्या वेळी एफवायला तीन विषय, एसवायला दोन आणि टीवायला एक असा उतरता क्रम होता. तीन धरून दोन सोडायची सोय होती. आता मेजरसोबत मायनर आहे. दोन्ही विषय धर, वर्षभर लॅबमध्ये हात चालव, आणि ज्याचं जर्नल कुणी न सांगता पूर्ण होतं तो मेजर ठेव. दुसरा मायनर. बाबांची कंपनीही राहील आणि तुझी झाडंही.

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला ७८ टक्क्यांनी पास झाला. आता बी.ए. करून मानसशास्त्र घ्यायचं म्हणतो. एवढे मार्क असताना आर्ट्सला का, असं नातेवाईक विचारतात. मला विरोध करायचा नाही, पण पोटापाण्याचं काय?
— एक पालक, कर्जत

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे, नातेवाइकांचा नाही. मार्क जास्त पडले म्हणून आवडीचा विषय सोडावा, हा हिशेब मला तरी कधी कळला नाही.

मुलाशी बोलताना ‘स्कोप आहे का’ असं विचारू नका. ‘किती वर्षं लागतील आणि तेवढी तुझी तयारी आहे का’ असं विचारा. मानसशास्त्रात नुसत्या बी.ए.वर समुपदेशकाचं काम सहसा मिळत नाही, एम.ए. आणि त्यापुढचं प्रशिक्षण लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे किमान पाच वर्षं, बहुधा जास्त. हे मुलाला ठाऊक असेल आणि तरी तो ठाम असेल, तर जाऊ द्या. ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून माहिती काढा. सीएचा विचार मागाहून आलाच तर तोही बंद नाही : पदवीला ६० टक्के असतील तर कॉमर्सबाहेरच्या पदवीधरालाही फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के पुरतात, फरक तेवढाच.

‘आर्ट्सचा उपयोग काय’ असं पुन्हा कुणी विचारलं, तर इर्शाळवाडीचं नाव घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली. डोंगर का सुटतो, हे भूविज्ञान सांगेल. पण धोका माहीत असूनही माणसं वाडी का सोडत नाहीत, सोडायला कशी तयार होतील, नव्या जागी त्यांचं बस्तान कसं बसेल, आणि एका रात्रीत घरदार गेलेल्या पोराशी कसं बोलायचं, ही उत्तरं समाजशास्त्र आणि मानसशास्त्र शिकलेल्यांकडेच शोधावी लागतात. आपल्या तालुक्यांत डोंगराखाली वाड्या अजून आहेत. काम पुष्कळ आहे; त्याचे पैसे मिळवायला मात्र पदवीच्या पुढे जावं लागतं.

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं एफवाय झालं. दोन एटीकेटी आहेत. विषय चुकला असं वाटतंय. कॉमर्सला गेलो तर वर्ष वाया जाईल का?
— एक विद्यार्थी, खोपोली

उत्तर : आधी ते दोन पेपर कुठले, हे बघ. दोन्ही प्रोग्रॅमिंगचे असतील, तू मनापासून अभ्यास केला असशील आणि तरी डोक्यावरून गेले असतील, तर विषय चुकला असू शकतो. एक गणिताचा आणि एक भलताच असेल, किंवा वर्षभर वर्गातच बसला नसशील, तर विषयाचा दोष नाही. कॉमर्सलाही अकाउंट्सचा पेपर असतोच.

बदलायचं ठरलं, तर दोन प्रकार वेगळे धर. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर मेजर बदलायची मुभा आहे, पण ती आपल्याच शाखेतल्या विषयांत. तुझ्या कॉलेजात तो विषय आणि जागा असली पाहिजे, हे ओघानं आलंच. शाखाच बदलायची, सायन्सची कॉमर्स करायची, तर बहुधा पुन्हा एफवायपासून सुरुवात करावी लागते. मिळवलेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात. त्यांतली कुठली धरली जातील, हे प्रवेशाआधी नव्या कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घे. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नकोस. घरची अडचण असेल आणि कमवावंच लागणार असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करता येतं.

एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय नव्या धोरणात आहे, पण त्या कागदावर कुणी नोकरी देईल अशी आशा धरू नकोस. ती सोय अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे, वैतागलेल्यांसाठी नाही.

जायचं असो की राहायचं, दोन्ही एटीकेटी आधी सोडव. त्या सुटताना तुला विषय समजू लागला, तर कॉम्प्युटर सायन्समध्येच राहा. नुसते पेपर सुटले आणि विषय तसाच परका राहिला, तर खुशाल कॉमर्सचा फॉर्म भर. एक वर्ष गेलं तरी विसाव्या वर्षी ते भरून काढता येतं.